कुटुंबासह डायव्हिंग आणि स्नॉर्कलिंग: आधी किनारा पाहा, मग बेट ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाच जणांच्या एका कुटुंबाला उष्ण कटिबंधातल्या बेटावर आठ दिवसांसाठी जायचे आहे. विचारणाऱ्या बाईंनी अकरा वर्षांपूर्वी ओपन वॉटर डायव्हरचे, म्हणजे डायव्हिंगचे पहिल्या पातळीचे, प्रमाणपत्र मिळवले, पण त्यानंतर त्यांचे जेमतेम बारा डाइव्ह झाले. पतीचे वय ४६. त्यांना पोहता उत्तम येते, रक्तदाबाची गोळी रोज चालू आहे आणि डायव्हिंग शिकण्याची इच्छा आहे. मुलगी १४ वर्षांची, मुलगा ९ वर्षांचा, आणि सोबत ६७ वर्षांच्या सासूबाई आहेत, ज्यांना पोहता येत नाही. बेट अजून ठरलेले नाही. कोणते बेट निवडावे, कोणी काय करावे आणि दिवस कसे आखावेत, असे त्यांनी विचारले आहे.

मी गेली अनेक वर्षे डायव्हिंगचा प्रशिक्षक आहे, आणि कुटुंबांच्या सहली फसताना मी ज्या कारणाने पाहिल्या ते बहुतेक वेळा एकच होते. घरातला जो सर्वांत उत्साही डायव्हर असतो तो नामांकित डाइव्ह साइट पाहून बेट ठरवतो, आणि मग उरलेले चौघे रोज सकाळी बोटीवर बसून त्याचे बुडबुडे मोजतात. तुम्ही याच्या उलट बाजूने सुरुवात करा. तुमच्या घरात सर्वांत उथळ पाण्यात राहणारी व्यक्ती म्हणजे सासूबाई, आणि त्यानंतर मुलगा. या दोघांना पुळणीवरून चालत पाण्यात उतरून दहा मिनिटांत मासे दिसतील असा किनारा ज्या बेटाला आहे, ते बेट तुमचे. किनाऱ्यावरून पोहोचता येणाऱ्या अशा प्रवाळाला डायव्हिंगवाले हाउस रीफ म्हणतात, आणि कौटुंबिक सहलीचा कणा तोच असतो. बोटीच्या फेऱ्या ही वरची भर समजावी.

यात डायव्हरांवर अन्याय होतो असे वाटण्याचे कारण नाही. प्रवाळ जगतो तो त्याच्या ऊतीत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांच्या जोरावर, आणि त्या शैवालांना सूर्यप्रकाश लागतो. त्यामुळे पहिल्या दहा मीटरांत जेवढी गजबज असते तेवढी खाली क्वचितच आढळते. पाणी लाल रंग सर्वांत आधी शोषून घेते. पाच-सहा मीटरांनंतर तो मावळू लागतो आणि अठरा मीटरांवर विजेरी लावल्याशिवाय सगळे निळे-करडे दिसते. हवेचा हिशोबही असाच आहे. सहा मीटर खोलीवर एकूण दाब १.६ बार असतो, तर अठरा मीटरांवर २.८ बार. त्याच वेगाने श्वास घेणाऱ्या माणसाचा सिलिंडर उथळ पाण्यात जवळजवळ पावणेदोन पट वेळ पुरतो. अकरा वर्षांनी परत पाण्यात उतरणाऱ्या व्यक्तीला नेमका असाच, घाई न करायला लावणारा, लांब आणि उथळ डाइव्ह हवा असतो.

आता असा किनारा ओळखायचा कसा? जाहिरातीतल्या छायाचित्रांवर विसंबू नका. त्यांत जो मोहक फिकट फिरोजी रंग दिसतो तो पांढऱ्या वाळूचा असतो, आणि वाळूवर प्रवाळ नसतो. बेटाचे उपग्रहचित्र उघडा आणि किनाऱ्यापासून गडद निळ्या पाण्याची कड किती दूर आहे ते पाहा. फिरोजी पट्टा अरुंद असेल, त्यापुढे तपकिरी-हिरवट ठिपक्यांची झालर असेल आणि लगेच गडद निळे पाणी सुरू होत असेल, तर पन्नास-साठ मीटर पोहून प्रवाळाच्या उतारावर पोहोचता येते. तोच पट्टा सातशे-आठशे मीटर रुंद असेल, तर लहान मुलांना खेळायला जागा उत्तम, पण प्रवाळ पाहायला प्रत्येक वेळी बोट लागणार. ज्या बाजूला पांढऱ्या फेसाची अखंड रेघ दिसते ती वाऱ्याची, लाटा फुटण्याची बाजू, आणि तिथे कुटुंबाला घेऊन उतरायचे नसते. मला विचाराल तर एकाच बेटावर दोन्ही हवे: सासूबाईंसाठी कमरेएवढे शांत पाणी आणि तुमच्यासाठी जवळची कड. जेट्टी असलेली, किंवा उथळ खडकात वाट कोरलेली ठिकाणे यासाठी सोयीची पडतात, कारण ओहोटीला उघड्या पडणाऱ्या प्रवाळावरून कोणालाही चालावे लागत नाही.

वाऱ्याची बाजू आणि आडोशाची बाजू हा भेद नवख्यांच्या लक्षात येत नाही, पण सहलीचे यश त्यावर बरेच अवलंबून असते. कॅरिबियनमधले बोनेर बेट याचे चांगले उदाहरण आहे. तिथे व्यापारी वारे पूर्वेकडून वाहतात, त्यामुळे पश्चिम किनारा जवळजवळ वर्षभर शांत असतो. रस्त्याच्या कडेला पिवळे रंगवलेले दगड डाइव्हच्या जागा दाखवतात आणि माणसे थेट किनाऱ्यावरून पाण्यात उतरतात. बेटाभोवतीचे सागरी उद्यान १९७९ पासून संरक्षित आहे. अर्थात निसर्गात कायमचा आडोसा नसतो. नोव्हेंबर १९९९ मध्ये लेनी हे चक्रीवादळ नेहमीच्या दिशेच्या उलट, पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकले आणि त्याच्या लाटांनी याच शांत बाजूच्या उथळ प्रवाळाची मोडतोड केली.

ऋतूबद्दल ठोकळ नियम सांगतो. अटलांटिक आणि कॅरिबियनमध्ये चक्रीवादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर धरला जातो आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर हे त्यातले सर्वांत जोखमीचे महिने. दक्षिण पॅसिफिकमध्ये हाच मोसम नोव्हेंबर ते एप्रिल असतो. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण पाच अंशांच्या आत चक्रीवादळे क्वचितच तयार होतात, कारण पृथ्वीच्या परिवलनामुळे वाऱ्याला मिळणारे वळण तिथे फार क्षीण असते. पण पाऊस, गढूळपणा आणि लाटा तिथेही असतातच. मालदीवसारख्या कंकणाकृती द्वीपसमूहात वाऱ्याबरोबर प्रवाहाची दिशा बदलते. ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या काळात पूर्वेकडचे पाणी नितळ असते, तर पश्चिमेकडे प्लवक वाढून ते खाणारे मांटा रे हे मोठे चपटे मासे तिकडे जमतात. नैर्ऋत्य वाऱ्यांत चित्र उलटे होते. म्हणजे ‘हे बेट कधी चांगले’ या प्रश्नाला ‘या बेटाची कोणती बाजू, कोणत्या महिन्यात’ असेच उत्तर द्यावे लागते. शाळेच्या सुट्ट्यांमुळे महिना बदलता येत नसेल, तर बेट बदला.

आणखी एक गोष्ट बेट ठरवण्यापूर्वी विचारायला हवी. एप्रिल २०२४ मध्ये जगभरातल्या प्रवाळांच्या चौथ्या मोठ्या विरंजनाची अधिकृत नोंद झाली. पाणी फार काळ नेहमीपेक्षा गरम राहिले की प्रवाळ आपल्यातली शैवाले बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. उष्णता ओसरली नाही तर मरतो. याचा पहिला फटका उथळ पाण्याला, म्हणजे नळीतून श्वास घेत पृष्ठभागावरून पाहणाऱ्या स्नॉर्कलिंगवाल्यांच्या भागाला, बसतो. पाच वर्षांपूर्वीची छायाचित्रे पाहून आरक्षण करू नका. डाइव्ह सेंटरला पत्र लिहून पहिल्या पाच मीटरांतला प्रवाळ आज कसा आहे हे स्पष्ट विचारा आणि गेल्या काही महिन्यांतली छायाचित्रे मागा. प्रामाणिक सेंटर ‘कडेच्या खाली चांगला आहे, वर बराच मेला आहे’ असे सांगते. असे उत्तर आले तर त्या सेंटरवरचा माझा विश्वास वाढतो, मग बेट निवडा किंवा नका निवडू.

आता माणसांकडे येतो, आणि आधी तुमच्या पतींकडे, कारण सगळी आखणी अडून बसण्याची शक्यता त्यांच्यापाशी आहे. डायव्हिंगपूर्वी प्रत्येकाला वैद्यकीय प्रश्नावली भरून द्यावी लागते. तिच्यात ४५ वर्षांवरील व्यक्तींसाठी वेगळे प्रश्न आहेत, आणि उच्च रक्तदाब हा त्यांपैकी एक. तिथे ‘होय’ असे उत्तर आले की डॉक्टरांनी तपासून सही केल्याशिवाय कोणतेही जबाबदार सेंटर त्यांना पाण्यात नेणार नाही. ही प्रश्नावली बहुतेकांना बेटावरच्या टेबलापाशी, ओला टॉवेल खांद्यावर असताना, पहिल्यांदा दिसते. दम्याचे उत्तर ‘होय’ लिहिलेल्या एका वडिलांना मी स्वतः थांबवले होते. जवळचा डॉक्टर दुसऱ्या बेटावर होता आणि त्यांचे तीन दिवस त्यात गेले. ते माझ्यावर चिडले, पण माझ्या हाती दुसरे काही नव्हते. म्हणून निघण्याच्या सहा-आठ आठवडे आधी सगळ्यांच्या प्रश्नावल्या घरी भरा. पतींच्या डॉक्टरांना औषधाचे नाव दाखवून डायव्हिंगबद्दल नेमके विचारा, कारण रक्तदाबाची काही औषधे श्रम करण्याची ताकद कमी करतात आणि पाण्यात प्रवाहाविरुद्ध पोहताना ते जाणवते. प्रश्नावलीत खोटे ‘नाही’ लिहिण्याचा मोह टाळा. दमा, फिट्स, कानाची किंवा छातीची शस्त्रक्रिया, गर्भारपण हे प्रश्न कागदी उपचार म्हणून विचारलेले नसतात.

वैद्यकीय संमती मिळाली, तर त्यांनी संपूर्ण अभ्यासक्रम बेटावर करू नये. ओपन वॉटरच्या अभ्यासक्रमात वाचन, तलावासारख्या बंदिस्त पाण्यातली पाच सत्रे आणि समुद्रातले चार डाइव्ह असतात. शिवाय २०० मीटर पोहणे, किंवा मास्क आणि फिन्स (पायांतली वल्ही) लावून ३०० मीटर, आणि दहा मिनिटे तरंगणे. हे सर्व बेटावर केले तर आठापैकी चार दिवस वर्गात आणि तलावात जातात. वाचन आणि तलावाचा भाग जाण्याआधीच पूर्ण करून, त्याचे पत्र सोबत नेऊन, समुद्रातले चार डाइव्ह तिथे दोन दिवसांत करता येतात. असे पत्र साधारण वर्षभर ग्राह्य धरतात. मुलीचेही तसेच करा. बापलेकीने एकत्र शिकावे, त्यात दोघांनाही गंमत असते आणि तलावातच कळते की कोणाला हे मनापासून आवडते आहे. चौदा वर्षांच्या मुलीला पाडी या डायव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या नियमांप्रमाणे ज्युनियर प्रमाणपत्र मिळते. १२ ते १४ वयाच्या मुलांना प्रमाणित प्रौढ डायव्हरसोबतच, जास्तीत जास्त १८ मीटरांपर्यंत जाता येते.

कागदावर तो प्रौढ तुम्ही किंवा तुमचे पती असू शकता, पण मी तसे सुचवणार नाही. नुकते शिकलेले वडील आणि नुकतीच शिकलेली मुलगी ही जोडी दिसायला सुंदर असली तरी दोघेही आपापल्या मास्कमधले पाणी काढण्यात गुंतलेले असतात. आणि वडिलांना काही झाले तर चौदा वर्षांच्या मुलीने त्यांना वर आणावे ही अपेक्षा अन्यायाची आहे. या सहलीत प्रत्येक डाइव्हला एक प्रशिक्षक किंवा गाइड सोबत असलाच पाहिजे, आणि तुमच्या तिघांमागे एक इतके प्रमाण मागून घ्या.

तुमच्या स्वतःच्या प्रमाणपत्राची मुदत संपत नाही, पण सवयीची संपते. अकरा वर्षांत डोक्यापेक्षा हात जास्त विसरलेले असतात: तोंडातून सुटलेला रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडाशी देणारे उपकरण) शोधणे, पाणी भरलेला मास्क रिकामा करणे, तरंगण्याचा समतोल. पहिल्या पूर्ण दिवशी उथळ पाण्यात एक उजळणीचे सत्र घ्या. ते न मागता थेट बोटीवर चढवणारे सेंटर असेल, तर तुमच्या मुलीच्या बाबतीतही ते तेवढेच ढिले असणार.

नऊ वर्षांच्या मुलाबद्दल तुम्हाला कदाचित ‘तेवढेच उथळ पाण्यात एकदा नेऊन आणू’ असे सांगणारे भेटतील. पाडीच्या पद्धतीत आठ वर्षांवरील मुलांना तलावासारख्या बंदिस्त पाण्यात, जास्तीत जास्त दोन मीटर खोलीवर, सिलिंडर लावून श्वास घेऊन पाहता येतो. समुद्रातला, पहिली ओळख करून देणारा डाइव्ह मात्र दहा वर्षांनंतरच. ही मर्यादा पाळावी. उथळ म्हणजे निर्धोक, हा या विषयातला सर्वांत हट्टी गैरसमज आहे. पृष्ठभागावरून दहा मीटर खाली गेले की दाब दुप्पट होतो आणि हवेचे आकारमान निम्मे. पुढच्या कोणत्याही दहा मीटरांत प्रमाणाने एवढा मोठा बदल होत नाही. त्यामुळे कान दुखायला सुरुवात होते ती दोन मीटरांवरच. सिलिंडरमधून घेतलेला श्वास रोखून वर आल्यास दीड मीटरएवढ्या पाण्यातही फुप्फुसाला इजा होऊ शकते. घाबरलेले मूल नेमके तेच करते: श्वास धरते आणि वर झेप घेते. तलावातला अनुभव त्याला जरूर द्या, आणि समुद्रात त्याला उत्तम स्नॉर्कलर करा. खरे सांगायचे तर त्या वयाच्या मुलांना तेच जास्त आवडते, कारण गप्पा मारता येतात.

सासूबाईंसाठी मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण स्नॉर्कलिंग हे आजीबाईंना सहज जमणारे, बिनधोक काम आहे असे सगळेच धरून चालतात. हवाई बेटांवर पर्यटकांच्या बुडून होणाऱ्या मृत्यूंत सर्वाधिक मृत्यू स्नॉर्कलिंग करताना होतात, आणि त्यात मध्यमवयीन व वृद्ध माणसे बरीच असतात. पाण्यात शरीर आडवे झाले की हातापायांतले रक्त छातीकडे सरकते आणि हृदयावर भार येतो. त्यात नळीतून श्वास ओढण्याचा विरोध, अनोळखी पाण्याची भीती आणि दमणूक मिसळते. बरेचदा आरडाओरडाही होत नाही, माणूस तोंड खाली करून तरंगतच असतो आणि बाजूच्यांना वाटते की तो मासे पाहतो आहे. म्हणून त्यांची हृदयाची तपासणी जाण्यापूर्वी करून घ्या. लांबच्या विमानप्रवासानंतर पहिला दिवस पाण्यात उतरवू नका. फुगवायचे जाकीट त्यांच्या मापाचे असावे, आणि एक व्यक्ती, जिला त्या वेळी दुसरे काहीही काम नाही, हाताच्या अंतरावर असावी. सुरुवात कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून, फक्त मास्क लावून चेहरा बुडवण्याने करावी. नळी दुसऱ्या दिवशी. ‘दम लागला, छाती जड वाटली, की लगेच उभे राहायचे आणि बाहेर यायचे’ हे त्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर सुनेचा खोळंबा नको म्हणून त्या गप्प बसतील.

याच कारणासाठी संपूर्ण चेहरा झाकणारे मास्क मी कोणाला सुचवत नाही. ते पहिल्या पाच मिनिटांत फार सोपे वाटतात, पण रचना निकृष्ट असेल तर सोडलेली हवा आत साचते, आणि गडबड झाली की साधी नळी जशी थुंकून टाकता येते तसा तो मास्क क्षणात काढता येत नाही. साधा मास्क निवडताना पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने हलका श्वास ओढा. हात सोडल्यावर तो चिकटून राहिला तर माप बरोबर. मिशीवाल्यांचा मास्क थोडा पाझरतोच. सासूबाईंना चष्मा असेल तर नंबरची काच बसवलेला मास्क घ्या, कारण त्यांना मासे दिसलेच नाहीत तर बाकीची सगळी खटपट वाया. मास्क पाचही जणांचे स्वतःचे असावेत. फिन्स आणि बाकीचे सामान भाड्याने चालेल, मात्र मुलांच्या मापाचे, सिलिंडर अडकवायचे जाकीट, रेग्युलेटरची लहान तोंडपट्टी आणि लहान सिलिंडर आहेत का, हे आधी लिहून विचारा. प्रौढांचे सैल जाकीट घातलेली मुलगी पाण्यात सिलिंडरबरोबर डुलत राहते आणि तिला वाटते की आपल्यालाच जमत नाही.

पाणी २८ अंशांचे असले तरी मुलगा कुडकुडेल. पाणी शरीरातली उष्णता हवेच्या तुलनेत सुमारे पंचवीस पट वेगाने वाहून नेते आणि लहान शरीर लवकर गार पडते. तीन मिलिमीटर जाडीचा रबरी पोशाख त्याला घालाच; उन्हापासूनही तो वाचवतो. बाकीच्यांनी लांब बाह्यांचे पाण्यातले सदरे घालावेत, म्हणजे सनस्क्रीन फक्त चेहरा, मान आणि पोटऱ्यांपुरते लागेल. पलाऊने १ जानेवारी २०२० पासून प्रवाळाला घातक ठरवलेली काही द्रव्ये असलेल्या सनस्क्रीनवर बंदी घातली, तर हवाईत ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनची विक्री १ जानेवारी २०२१ पासून बंद आहे. जिथे बंदी नाही तिथेही लेबल वाचून घेण्यात काही बिघडत नाही.

एक सूचना केवळ मुलीसाठी. या वयाची चांगली पोहणारी मुले स्नॉर्कलिंग करता करता श्वास रोखून खाली बुडी मारण्याच्या पैजा लावतात. बुडीपूर्वी भराभर खोल श्वास घेतले की शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि श्वास घेण्याची ऊर्मी उशिरा येते. तोवर ऑक्सिजन इतका उतरतो की वर येताना, कोणतीही सूचना न मिळता, शुद्ध जाते. हे कसलेल्या पोहणाऱ्यांच्याही बाबतीत घडते. दोघांपैकी एक खाली असेल तर दुसऱ्याने वरून पाहत राहायचे, आणि भराभर श्वास कधीच घ्यायचे नाहीत, एवढे तिला कारणासह सांगा. कारण कळले की ही मुले ऐकतात.

डाइव्ह सेंटर निवडताना मी पंचतारांकित फलक पाहत नाही. बोटीवर शुद्ध ऑक्सिजनचा संच आहे का आणि तो वापरता येणारा माणूस रोज बोटीवर असतो का, वर आलेल्यांची नावानिशी हजेरी घेतात का, दाबकक्ष (शरीरात बुडबुडे झालेल्या डायव्हरवर वाढीव दाबात उपचार करण्याची खोली) असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय कोठे आहे आणि तिथे पोहोचायला किती तास लागतात, हे तीन प्रश्न विचारतो. तिसऱ्या प्रश्नाला सेंटरच्या माणसाने विचार न करता उत्तर दिले पाहिजे. डायव्हिंगचा विमाही त्याच हिशोबात धरा. प्रवासाच्या साध्या विम्यात डायव्हिंग पुष्कळदा वगळलेले असते किंवा खोलीची अट असते, आणि दुर्गम बेटावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च मोठा असतो. १९८० पासून काम करणारी डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ही संस्था डायव्हिंगच्या अपघातांसाठी आणीबाणीची दूरध्वनीसेवा चालवते. तिचा क्रमांक प्रत्येकाच्या फोनमध्ये असावा.

दिवस आखताना भरती-ओहोटीचे कोष्टक हाताशी ठेवा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात प्रवाळांच्या खिंडींतून पाणी फार वेगाने आत-बाहेर होते. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, ते सौम्य असते. तारखा तुमच्या हातात असतील तर भांगाचा आठवडा निवडा. भरती येत असताना बाहेरचे नितळ पाणी आत येते आणि उथळ खडकांवर पुरेसे पाणी असते. ओहोटीचे पाणी गढूळ असते आणि माणसांना बाहेर ओढते. सासूबाई आणि मुलगा यांची वेळ म्हणून भरतीचे शेवटचे दोन तास राखून ठेवा, मग ते सकाळी येवोत की दुपारी. बोटीच्या वेळा त्याभोवती बसवा, उलट नव्हे.

पहिला दिवस विश्रांतीचा. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमची उजळणी, त्याच वेळी पतींनी मुलगा आणि आईसोबत किनाऱ्यावर. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी बापलेकीचे समुद्रातले चार डाइव्ह, आणि किनाऱ्यावरची पाळी तुमची. पाचवा दिवस कोरडा ठेवा. ओलसर कानांना सूज येण्याचे प्रमाण चौथ्या-पाचव्या दिवशी वाढते, आणि एकदा कान दुखला की पुढचे सगळे डाइव्ह बंद. रोज बाहेर आल्यावर सगळ्यांनी गोड्या पाण्याने कान धुऊन कोरडे करण्याची सवय लावा. सर्दी झाली असेल तर औषध घेऊन खाली जाऊ नये. औषधाचा असर पाण्याखाली असतानाच ओसरला तर वर येताना कानात हवा अडकते. सहाव्या दिवशी तुम्ही तिघे गाइडसोबत एकत्र उतरा, बारा मीटरांच्या आत, आणि त्या दोन तासांसाठी मुलगा व सासूबाई यांच्यासोबत सेंटरचा एक माणूस ठरवून घ्या. हा खर्च वाचवू नका. दोघेही आईवडील पाण्याखाली आणि मूल पुळणीवर एकटे आजीच्या भरवशावर, ही व्यवस्था मी मान्य करत नाही.

सातव्या दिवशी सिलिंडर नाही. अनेक दिवस डायव्हिंग केल्यानंतर विमानात बसण्यापूर्वी निदान १८ तास जावे लागतात, कारण केबिनमधला दाब सुमारे २४०० मीटर उंचीवरच्या दाबाएवढा कमी होऊ शकतो आणि ऊतींत उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा धोका असतो. मी स्वतः पूर्ण २४ तास धरतो. बेटावरून निघणारे लहान विमानही यात मोजायचे. स्नॉर्कलिंगला मात्र ही अट नाही, म्हणून शेवटची सकाळ पाचही जणांची एकत्र ठेवा. तोवर सासूबाईंना नळी जमलेली असेल आणि हाउस रीफवरचा कोणता मासा कोणत्या खडकाखाली राहतो हे मुलाला पाठ झालेले असेल; त्या दिवशी त्याला पुढे पोहू द्या आणि तुम्ही मागे राहा.